छातीचा फोटो वाचणारे डोळे

१९७५ साली फिलाडेल्फियातल्या हॅरल्ड कुंडेल आणि कॅल्व्हिन नोडाइन या संशोधकांनी काही रेडिओलॉजिस्टना छातीचे एक्स-रे दाखवले. प्रत्येक फिल्म डोळ्यांसमोर राहायची ती सेकंदाचा फक्त पाचवा हिस्सा. एवढ्या वेळात नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणंही जमत नाही. तरीसुद्धा फिल्ममधले सुमारे ७० टक्के दोष या डॉक्टरांनी अचूक टिपले. हवा तेवढा वेळ दिल्यावर हेच प्रमाण ९७ टक्क्यांपर्यंत गेलं. फिल्म नीट शोधून पाहण्याआधीच ‘इथे काहीतरी बिनसलंय’ हे त्यांना कळत होतं.

त्याच फिल्म ज्याला वैद्यकाचा गंध नाही अशा माणसाला तासभर दाखवल्या तरी बरगड्या आणि मधोमध हृदयाचा पांढरा आकार यापलीकडे त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही. आपल्याकडे अजूनही लोक ‘छातीचा फोटो काढला’ असंच म्हणतात, आणि फोटो काढला म्हणजे रोग त्यात दिसणारच, असं मनाशी धरून चालतात. यंत्र फोटो काढून देतं. त्यातला रोग मात्र कुणालातरी ओळखावा लागतो, आणि ही ओळख वर्षानुवर्षांच्या शिक्षणातून डोळ्यांत उतरते. ती कशी उतरते, कुठे फसते आणि आता संगणकालाही ती शिकवताना काय काय घडतंय, हे प्रत्येक रुग्णाने समजून घ्यावं इतकं महत्त्वाचं आहे.

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडं होती आणि अंगठी होती. हाडं आणि धातू ओळखायला कुणाची शिकवणी लागली नाही. छातीचं तसं नाही. एक्स-रेमध्ये ढोबळमानाने पाचच छटा असतात: हवा काळी, चरबी गडद करडी, पाणी आणि मऊ अवयव फिकट करडे, हाडं पांढरी आणि धातू सर्वांत पांढरा. रक्त, पू, पाणी, हृदयाचा स्नायू, गाठ हे सगळं एकाच छटेत मोडतं. शिवाय छातीची सगळी खोली एका सपाट चित्रात उतरलेली असते. पुढच्या बरगड्या, मागच्या बरगड्या, खांद्यांमागची चपटी हाडं, हृदय, रक्तवाहिन्या आणि पाठीचा कणा एकमेकांवर पडलेले असतात. रोगाची सावली त्या गर्दीत कुठेतरी असते.

एमबीबीएसनंतर रेडिओलॉजीच्या एमडीला येणारा डॉक्टर तीन वर्षं हेच शिकतो. सुरुवातीच्या काळात त्याचा मोठा वेळ रोग पाहण्यात जात नाही, तो निरोगी छाती पाहण्यात जातो. छाती आणि पोट वेगळं करणारा स्नायूंचा पडदा म्हणजे श्वासपटल; उजवीकडचं श्वासपटल डावीकडच्यापेक्षा किंचित वर असतं. फुप्फुसांच्या मुळांपैकी डावं मूळ उजव्यापेक्षा थोडं उंचावर असतं. उभं राहून, पाठीकडून किरण सोडून घेतलेल्या फोटोत मोठ्या माणसाच्या हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी भरते. हे नियम पुस्तकात अर्ध्या पानात मावतात. पण निरोगी माणसांतही जाड, बारीक, म्हातारे, लहान, पोक आलेले, खोल श्वास न घेता आलेले अशी अपार विविधता असते, आणि ती हजारो फिल्म पाहिल्यावरच अंगवळणी पडते. नॉर्मलची हद्द पक्की झाली की तिच्या बाहेरचं आपोआप खटकायला लागतं. कुंडेल आणि नोडाइन यांनी मोजलं ते हेच खटकणं.

रोगाकडे वळण्याआधी फोटो विश्वासाचा आहे का, हे पाहायचं असतं. रुग्णाने पुरता श्वास घेतला होता का, हे श्वासपटलाच्या वर किती बरगड्या दिसतात त्यावरून कळतं. अर्धवट श्वासात काढलेल्या फोटोत धडधाकट माणसाचं हृदय मोठं आणि फुप्फुसं भरलेली वाटतात. गळ्याखालच्या हसळीच्या दोन्ही हाडांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर नसतील, तर रुग्ण किंचित वळून उभा होता. मग एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं दिसतं आणि त्यात रोग काहीच नसतो. एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ मंगळसूत्र, ताईत, सेफ्टी पिन काढून ठेवायला सांगतो ते अशीच फसगत टाळण्यासाठी. लांब केस वर बांधायला सांगण्यामागेही कारण आहे. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुप्फुसाच्या टोकावर नेमकी अशी सावली टाकते, की अननुभवी डोळ्याला तिथे टीबीची शंका यावी.

आता एक फिल्म जवळून पाहू. तरुण रुग्ण, चार दिवस ताप आणि खोकला. फोटोत उजव्या बाजूला खाली धूसर पांढुरकेपणा आहे. फुप्फुसाचा नेमका कुठला भाग आजारी आहे? चित्र सपाट आहे, त्यामुळे पुढचं-मागचं सरळ कळत नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे रेडिओलॉजिस्ट बेंजामिन फेल्सन यांनी १९५० साली याचं उत्तर देणारी खूण ठळकपणे मांडली. हृदयाची उजवी कड स्पष्ट दिसते, कारण तिला लागून हवेने भरलेलं फुप्फुस असतं. करड्याला काळं खेटलं की रेघ उमटते. हृदयाला चिकटून असलेला फुप्फुसाचा मधला भाग न्यूमोनियाने भरला, तर करड्याला करडं खेटतं आणि कड पुसली जाते. हृदयाची कड शाबूत आहे आणि श्वासपटलाची रेघ मात्र गायब आहे, असं दिसलं तर आजार मागच्या, खालच्या भागात आहे. जे दिसत नाही त्यावरून निदान करण्याची ही रीत आजही जगभर रेसिडेंट डॉक्टरांना सुरुवातीलाच शिकवतात.

दुसरी फिल्म पोटदुखीच्या रुग्णाची आहे. फुप्फुसं स्वच्छ आहेत. पण उजव्या श्वासपटलाखाली, यकृताच्या वर, काळ्या रंगाची एक बारीक कोर आहे. ती हवा आहे आणि तिथे हवा असण्याचं काही कारण नाही. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडलेलं असण्याची दाट शक्यता आहे आणि रुग्णाला तातडीने सर्जनकडे न्यायला हवं. छातीचा फोटो वाचणाऱ्याने फुप्फुसं पाहून समाधान मानलं असतं, तर ही कोर हुकली असती. म्हणूनच फिल्म ठरावीक क्रमाने पाहण्याची सवय लावतात. श्वासनलिका, हृदय, फुप्फुसांची मुळं, दोन्ही फुप्फुसं वरपासून खालपर्यंत, बरगड्या आणि श्वासपटल मिळतात ते कोपरे, हाडं, श्वासपटलाखालचा भाग, आणि शेवटी हमखास फसवणाऱ्या जागांवर पुन्हा एक नजर: हसळीच्या हाडाआडची फुप्फुसाची टोकं, हृदयाच्या मागची बाजू, फुप्फुसांची मुळं. टीबीला ही टोकं विशेष प्रिय. पूर्वी तिथे शंका आली की रुग्णाला पाठ मागे झुकवून दुसरा फोटो काढत, म्हणजे हसळीची हाडं वर सरकून टोकं मोकळी दिसत. आज ते काम बहुतेक वेळा सीटी स्कॅन करतो.

एवढं शिकूनही डोळा किती चुकतो, हे पहिल्यांदा लख्खपणे समोर आलं ते टीबीच्याच निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर छातीचे फोटो काढून टीबीचे रुग्ण शोधायचे होते. कुठल्या आकाराची फिल्म वापरावी, हा प्रश्न होता. मोठी फिल्म महाग पडते, लहान स्वस्त. म्हणून बाराशेहून अधिक व्यक्तींचे फोटो चार वेगवेगळ्या पद्धतींनी काढून पाच तज्ज्ञांना वाचायला दिले. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी सगळ्यांनाच हादरवलं. चार पद्धतींमधला फरक किरकोळ निघाला. त्याहून कितीतरी मोठा फरक वाचणाऱ्यांमध्ये होता. दोन तज्ज्ञांचं एकमेकांशी सुमारे एक तृतीयांश वेळा जुळत नव्हतं. तीच फिल्म काही काळाने त्याच तज्ज्ञापुढे ठेवली, तर पाचातल्या एका वेळी त्याचं स्वतःशीही जुळत नव्हतं. परीक्षा फिल्मची घ्यायची होती, ती डोळ्यांची झाली.

सॅन फ्रान्सिस्कोचे रेडिओलॉजिस्ट हेन्री गारलँड यांनी हा धागा पुढे नेला. दोष असलेल्या फिल्मपैकी सुमारे ३० टक्के अनुभवी डॉक्टरांच्याही नजरेतून निसटतात, असं त्यांनी १९४९ साली आपल्याच व्यवसायबंधूंना सांगितलं. याला मोठं धैर्य लागलं असणार. आपल्या शास्त्राची उणीव त्या शास्त्राच्याच माणसाने मोजून मांडली, म्हणून ती सुधारण्याचा अभ्यास सुरू झाला.

चुका होतात तरी कशा? कुंडेल आणि नोडाइन यांनी १९७८ साली सहकाऱ्यांसह डॉक्टरांच्या नजरेचा मार्ग नोंदवून चुकांचे तीन प्रकार पाडले. काही वेळा नजर फुप्फुसातल्या गाठीपर्यंत पोचतच नाही. काही वेळा गाठीवरून जाते, पण तिथे थबकत नाही. आणि सर्वांत जास्त वेळा नजर गाठीवर चांगली रेंगाळते, तरीही डॉक्टर ती रक्तवाहिनी किंवा बरगडीचा भाग समजून सोडून देतो. म्हणजे नुसतं ‘नीट बघ’ एवढं सांगून भागत नाही. पाहिलेल्याचा अर्थ लावताना होणारी चूक सर्वांत मोठी आहे. याच्या जोडीला आणखी एक सापळा आहे: एक दोष सापडला की शोध थांबतो. फासळी मोडल्याचं दिसलं, रिपोर्ट लिहिला, आणि शेजारची लहान गाठ राहून गेली.

२०१३ साली बोस्टनमध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वूल्फ यांनी केलेला प्रयोग तर जगभर गाजला. २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये कॅन्सरच्या बारीक गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या केसमध्ये संशोधकांनी गोरिलाचं एक चित्र मिसळून ठेवलं होतं. सर्वसाधारण गाठीच्या ४८ पट मोठं! २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. नजरेच्या नोंदीनुसार त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट गोरिलावर पडली होती. हे डॉक्टर निष्काळजी नव्हते. बारीक, गोल, पांढऱ्या ठिपक्यांसाठी त्यांनी नजर इतकी धारदार केली होती, की बाकीचं सगळं मेंदू बाजूला सारत होता. ज्या कौशल्याने रोग सापडतो, तेच कौशल्य अनपेक्षित गोष्ट लपवूही शकतं.

यावरचे उपाय साधे आहेत, पण त्यांना शिस्त लागते. ब्रिटनच्या स्तनकर्करोग तपासणी कार्यक्रमात प्रत्येक मॅमोग्राम दोन जण स्वतंत्रपणे वाचतात. चांगल्या शिक्षण रुग्णालयांत ऑपरेशननंतर किंवा बायॉप्सीनंतर काय निघालं, हे रिपोर्ट देणाऱ्यापर्यंत परत पोचवतात, कारण आपलं म्हणणं बरोबर निघालं की चूक हे न कळता हजारो फिल्म पाहिल्या तरी डोळा घडत नाही. आणि सर्वांत स्वस्त उपाय रुग्णाच्या घरातच असतो: जुनी फिल्म. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत तीच सावली तेवढीच असेल, तर बहुधा जुना व्रण. मागच्या वेळी ती नसेल, तर आज पुढच्या तपासण्या हव्यात. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘छातीचा एक्स-रे’ एवढंच न लिहिता ‘तीन आठवडे खोकला, वजन घटलं, वडिलांना टीबी होता’ असं लिहिलेलं असलं, तर वाचणाऱ्याची नजर फुप्फुसाच्या टोकांवर जास्त वेळ थांबते.

गेल्या दशकात या वर्गात संगणक येऊन बसला. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने छातीच्या १ लाख १२ हजारांहून अधिक फिल्म संशोधकांसाठी खुल्या केल्या. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने आपली प्रणाली न्यूमोनिया ओळखण्यात रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस असल्याचा दावा केला. त्याच्या आदल्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं, असं जाहीरपणे म्हटलं होतं.

पण संगणक नेमकं काय शिकला होता? फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस आकसतं तो आजार ओळखायला शिकलेल्या प्रणालीची ऑस्ट्रेलियाच्या रेडिओलॉजिस्ट लॉरेन ओकडेन-रेनर यांनी बारकाईने तपासणी केली. अमेरिकेने खुल्या केलेल्या त्या संग्रहातल्या अशा पुष्कळ रुग्णांवर आधीच उपचार झालेले होते आणि त्यांच्या छातीत हवा काढणारी नळी होती. प्रणालीने या नळीचा आधार घेतला होता. जिथे नळी नव्हती, म्हणजे जिथे निदानाची खरी गरज होती, तिथे तिची कामगिरी घसरली. २०१८ साली जॉन झेक आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनिया ओळखणाऱ्या प्रणालीबाबत असंच दाखवलं. फिल्म कुठल्या रुग्णालयातून आली हे संगणक जवळपास बिनचूक ओळखत होता. फिल्मच्या कोपऱ्यात तंत्रज्ञ डावी-उजवी बाजू दाखवण्यासाठी धातूची खूण ठेवतो, त्यातूनही त्याला सुगावा लागत होता. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथल्या फिल्मला तो न्यूमोनियाकडे झुकवत होता. नव्या रेसिडेंटला हाताला धरून सांगता येतं की नळीकडे पाहू नकोस, फुप्फुसाच्या कडेची बारीक रेघ शोध. संगणकाने कशावरून ठरवलं, हे मुद्दाम खणून काढावं लागतं.

तरी ही साधनं बाजूला ठेवून चालणार नाही, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण पुन्हा टीबी हेच आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने फिरत्या वाहनांतून सरसकट छातीचे फोटो काढण्याची मोहीम सोडून द्यावी, असं सांगितलं होतं. खर्च मोठा होता आणि वाचणाऱ्यांमधले मतभेद होतेच. भर दिला गेला तो खोकला असणाऱ्यांच्या बेडक्याच्या तपासणीवर. पण २०१९ ते २०२१ दरम्यान भारतात झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात वेगळंच सत्य हाती आलं. एक्स-रे काढला नसता, फक्त लक्षणं विचारली असती, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. खोकला नाही, ताप नाही, वजनही जाणवण्याइतकं घटलेलं नाही, आणि फुप्फुसात मात्र रोग आहे, अशी ही माणसं. त्यांना शोधायचं तर फोटो हवा, आणि खेड्यापाड्यांत काढलेले लाखो फोटो वाचायला तेवढे रेडिओलॉजिस्ट कुठून आणायचे?

मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीत संगणकाने वाचलेला एक्स-रे चालेल, अशी शिफारस केली. त्याच वर्षी ढाक्यातल्या जवळपास २४ हजार व्यक्तींच्या फिल्मवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच प्रणालींची तुलना तिथल्या रेडिओलॉजिस्टशी केली होती आणि पाचही सरस ठरल्या. त्यांत मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली आघाडीच्या दोनांत होती. साठीपुढच्या आणि पूर्वी टीबी होऊन गेलेल्या लोकांमध्ये मात्र प्रणाली जास्त अडखळल्या, कारण बऱ्या झालेल्या टीबीचे व्रण आणि चालू आजार वेगळे करणं यंत्रालाही कठीण जातं. ७ डिसेंबर २०२४ पासून भारताने ३४७ जिल्ह्यांत राबवलेल्या १०० दिवसांच्या मोहिमेत हाताने उचलून नेता येणारी एक्स-रे यंत्रं आणि त्यांच्या जोडीला अशा प्रणाली वापरल्या गेल्या.

इथे एक धोका डोळ्यांआड करता येत नाही. २०२३ साली युरोपातल्या २७ रेडिओलॉजिस्टनी मॅमोग्राम वाचले, तेव्हा संगणकाचा सल्ला म्हणून दाखवलेली काही उत्तरं मुद्दाम चुकीची ठेवली होती. अशा केसेसमध्ये नवख्यांची अचूकता सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत कोसळली. मुरलेले डॉक्टरही ८२ वरून ४५ टक्क्यांपर्यंत खाली आले. दुसऱ्या बाजूला स्वीडनमध्ये ८० हजार महिलांवर झालेल्या चाचणीत संगणक आणि डॉक्टर यांची कामाची विभागणी विचारपूर्वक केली, तेव्हा वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. संगणक कुठे बसवायचा, यावर निकाल ठरतो. आणि आपला डोळा पक्का होण्याआधीच ज्याला संगणकाचं उत्तर समोर मिळतं, त्या तरुण रेसिडेंटची काळजी शिक्षकांनी सर्वांत जास्त घ्यायला हवी.

एक्स-रेवर टीबीसारखी सावली दिसली म्हणजे टीबी सिद्ध झाला, असंही नसतं. बाजरीच्या दाण्यांएवढे ठिपके दोन्ही फुप्फुसांत पसरलेले दिसले, तर टीबीचा एक गंभीर प्रकार डोळ्यांपुढे येतो. पण दगडाच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांतही बारीक ठिपके असतात, आणि कॅन्सर किंवा बुरशीचा संसर्गही टीबीचं सोंग घेतो. म्हणून फोटोनंतर बेडका जनुकीय तपासणीला जातो. त्यासाठी लागणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या मोलबायो या कंपनीने विकसित केलं आणि २०२० साली त्याला जागतिक मान्यता मिळाली. तालुक्याच्या ठिकाणीही ते चालतं. पूर्वी टीबी झालेल्या माणसाचा फोटो संगणकाने संशयित ठरवला आणि बेडक्यात जंतू सापडले नाहीत, तर डॉक्टर त्याच्याकडे पहिली चौकशी करतात ती मागच्या उपचारांच्या वेळी काढलेल्या फिल्मची. ती घरातल्या कपाटात जपून ठेवलेली असेल, तर दोन्ही फोटो शेजारी लावून सावली जुनी की नवी हे बऱ्याचदा तिथल्या तिथे सांगता येतं.